रोगमुक्तीची निवेदने : उपचार, उपासना आणि फलश्रुतीचा घाट

मराठी समीक्षेने ज्याकडे आजवर फारशी दृष्टी टाकलेली नाही, अशा एका वाङ्मयप्रकाराचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. दुर्धर रोगातून उठलेल्या माणसाने आपल्या रोगमुक्तीचे केलेले निवेदन, हा तो प्रकार होय. संस्थांच्या स्मरणिकांत, उपासनामंडळांच्या मासिकांत, क्वचित दिवाळी अंकांत आणि पुष्कळदा पदरमोड करून छापलेल्या लहान पुस्तकांत हे लेखन विखुरलेले असते. त्याचा विषय बहुधा कर्करोग असतो आणि त्याचा निष्कर्षही बहुधा ठरलेला असतो : औषधोपचार आणि साधना ह्या दोहोंच्या योगाने मी वाचलो. वाङ्मयेतिहासात ह्या लेखनाला स्थान नाही. तथापि ज्या आतुरतेने ते वाचले जाते, ती आतुरता आपल्या पुष्कळशा मान्यवर कादंबऱ्यांच्या वाट्याला आलेली नाही. कादंबरीचा वाचक पुस्तक मिटतो आणि आपल्या कामाला लागतो. ह्या निवेदनाचा वाचक मात्र कित्येकदा तपासणीचे कागद मांडीवर घेऊन बसलेला असतो, आणि जे वाचले त्यावरून उद्या रुग्णालयात जावयाचे की नाही हे तो ठरवीत असतो. वाङ्मयाचा परिणाम इतका थेट असतो तेथे समीक्षेने संकोच करणे योग्य नव्हे.

प्रस्तुत लेखक दुर्ग-भिलाई ह्या जोडशहरातील पद्मनाभपुर ह्या वस्तीत राहतो. मराठीचा संबंध ह्या भूभागाशी जुना आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाने तो येथे आला. 1956 पर्यंत ह्या मुलखाची राजधानी नागपूर हीच होती. आणि 1959 साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटल्यावर नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबांनी त्यात भर घातली. 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक 1900 साली पेंड्र्याहून काढणाऱ्या माधवराव सप्र्यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले, तेही ह्याच भूमीशी जडलेले. येथील मराठी घरात पोथी हिंदी शेजाऱ्यांच्या साक्षीने वाचली जाते, आणि आजार मोठा निघाला की माणसे रायपूर गाठतात, नाही तर मुंबईच्या मार्गावरील गाडीत बसतात. ती गाडी अडीचशे किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर तोडून नागपुरास पोहोचते. तेथील कर्करोग रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. एका संताचे नाव आणि किरणोपचाराचे यंत्र ही दोन्ही एकाच छपराखाली असावीत, ह्यात आमच्याकडच्या रुग्णाला काही विसंगत वाटत नाही. त्याच्या जीवनात उपचार आणि उपासना केव्हाच एकत्र आलेल्या आहेत. त्याच्या निवेदनात त्या कशा एकत्र येतात, हा आपला प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाकडे लक्ष वेधले ते एका प्रत्यक्ष अनुभवाने. आमच्या वस्तीतील एका वृद्ध बाईंनी आपल्या आजाराची हकीकत माझ्यादेखत दोनदा सांगितली. पहिल्यांदा त्या सांगत होत्या ते नुकत्याच आजारी पडलेल्या दुसऱ्या एका बाईला. त्या कथेत सलाइनची सुई होती, उशीवर राहिलेले केस होते, तोंड आल्यामुळे ताकभातसुद्धा गिळता न येण्याचे दिवस होते, मुलाने फंडातून काढलेले पैसे होते. आणि रात्री झोप येईना तेव्हा जपाची माळ ओढीत पहाटेपर्यंत काढलेला वेळही होता. दुसऱ्यांदा त्यांनी तीच हकीकत एका उपासनामंडळात, समोर शंभर माणसे बसलेली असताना, सांगितली. ह्या वेळी शस्त्रक्रिया एका वाक्यात आटोपली, औषधांच्या सहा फेऱ्या 'इतर उपचार' ह्या दोन शब्दांत गेल्या, आणि माळ मात्र आरंभापासून अखेरपर्यंत कथेच्या मध्यभागी राहिली. बाई खोटे बोलल्या नाहीत. दुसऱ्या कथनातील प्रत्येक वाक्य खरे होते. मग बदलले ते काय? उत्तर असे की, पहिल्या वेळी त्या अनुभव सांगत होत्या आणि दुसऱ्या वेळी एका प्राचीन घाटाने तो अनुभव त्यांच्याकडून सांगून घेतला.

हा घाट म्हणजे फलश्रुतीचा घाट. आपल्या पोथ्यांच्या अखेरीस ग्रंथश्रवणाचे फळ सांगितलेले असते : निपुत्रिकास पुत्र, निर्धनास धन, रोग्यास आरोग्य. पोथीच्या पोटातील आख्यानेही ह्या शेवटाकडे वाहत असतात. 'गुरुचरित्रा'तील उदरशूळाने पिडलेला, जीव द्यावयास निघालेला ब्राह्मण घ्या, किंवा मांडीवर स्फोटक उठलेला बेदरचा राजा घ्या. वैद्यहकीम आपल्या विद्येची शर्थ करून थकतात, मग गुरूंची भेट होते, आणि व्याधी नाहीशी होते. वैद्यांची हार हा त्या आख्यानरचनेचा अनिवार्य भाग आहे. ती हार नसेल तर कृपेचा उदय उठून दिसत नाही. महिपतीने 1762 साली पूर्ण केलेल्या 'भक्तिविजया'त आणि त्याच्या पुढील चरित्रग्रंथांत हीच पद्धत अधिक प्रासादिक झाली आणि घरोघर पोचली. आमच्या वृद्ध बाईंच्या कानावर ही रचना लहानपणापासून पडलेली आहे. सभेपुढे उभे राहिल्याबरोबर त्यांच्या जिभेवर ती आपोआप आली, आणि शल्यवैद्य बिचारा कथेतून मागच्या दाराने बाहेर गेला.

येथे कोणी म्हणेल की, हा घाटच दुष्ट, तो टाकून द्यावा. इतके सोपे ते नाही. ह्याच 'गुरुचरित्रा'त कुष्ठाने ग्रासलेल्या नरहरीचे आख्यान आहे. गुरू त्याला एक शुष्क काष्ठ देतात आणि ते रोवून त्याला नित्य पाणी घालावयास सांगतात. लोक हसतात, वाळल्या लाकडाला पालवी कशी फुटणार म्हणून त्याला परावृत्त करू पाहतात. नरहरी मात्र उपाशी राहून पाणी घालीत राहतो. पुढे काष्ठाला पालवी फुटते आणि त्याचा देह शुद्ध होतो. आख्यानाचा शेवट चमत्काराचाच आहे. पण वाचकाच्या मनात जे राहते ते चमत्काराचे चित्र नव्हे. राहतो तो एक रोगी, ज्याला कोणी जवळ उभे करीत नाही, आणि जो रोज उठून एका निर्जीव लाकडाला पाणी घालतो. दीर्घ आजारात माणूस नेमके हेच करीत असतो. ज्याचे फळ दिसत नाही असे काम तो रोज करतो : गोळी घेतो, घास गिळतो, रक्त तपासून येतो. ह्या आख्यानकाराला रोगाच्या काळाचे मर्म कळलेले होते. आजची निवेदने फलश्रुती उचलतात आणि हे पाणी घालणे विसरतात. दोष घाट स्वीकारण्यात नाही. घाटाचा फक्त शेवट स्वीकारण्यात आहे.

उपचार आणि उपासना ह्यांचे नाते सांगण्यासाठी आपल्या परंपरेत याहून काटेकोर परिभाषा उपलब्ध आहे, ही गोष्ट ह्या निवेदकांना आणि त्यांच्या टीकाकारांना सारखीच विस्मृत झालेली दिसते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सा तीन प्रकारची सांगितली आहे : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. मंत्र, होम, उपवास, तीर्थयात्रा इत्यादी पहिल्या प्रकारात येतात; आहार आणि औषधद्रव्ये ह्यांची विचारपूर्वक योजना हा दुसरा; आणि अहितकर विषयांपासून मनाला आवरून धरणे हा तिसरा. चरक तिन्ही मानतो, पण तिन्हींना पृथक् नावे देतो. आजच्या भाषेत आपण पहिल्याला आणि तिसऱ्याला मिळून 'अध्यात्म' असे एकच नाव देऊन बसलो आहोत, आणि घोटाळा तेथे सुरू होतो. रात्रीच्या भयाण वेळी जपाने मन स्थिर झाले, हे विधान सत्त्वावजयाचे आहे, आणि ते सांगण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे, कारण त्याचा साक्षी तोच आहे. जपाने गाठ विरघळली, हे विधान दैवव्यपाश्रयाचे आहे, आणि त्याचा साक्षी तो असू शकत नाही, कारण गाठ विरघळताना त्याने पाहिलेली नसते. निवेदक नकळत पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर जातो. पहिल्या वाक्याला अनुभवाचा जो भक्कम आधार आहे, तो दुसऱ्याला उसना दिला जातो. समीक्षकाने बोट ठेवावे ते ह्या संक्रमणावर.

'अध्यात्म' ह्या शब्दाचा प्रवासही ह्या संदर्भात उद्बोधक आहे. 'दासबोधा'च्या तिसऱ्या दशकात समर्थांनी त्रिविध तापांचे निरूपण केले असून सहावा समास आध्यात्मिक तापाला दिला आहे. आजचा वाचक ह्या मथळ्याखाली आत्म्याच्या तळमळीची अपेक्षा करील. प्रत्यक्षात त्याला तेथे शरीराच्या व्याधींची लांबच लांब गणना आढळते. देह, इंद्रिये आणि प्राण ह्यांच्या योगाने जे भोगावे लागते ते आध्यात्मिक, असा त्या संज्ञेचा जुना शास्त्रीय अर्थ आहे. म्हणजे समर्थांच्या कोशात 'आध्यात्मिक' हे रोगाचे विशेषण होते. आजच्या निवेदनात ते औषधाचे झाले आहे. अर्थांतर होणे हा भाषेचा धर्म आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण जुन्या वापरात एक कठोर प्रामाणिकपणा होता. व्याधी ही ह्या देहात राहणाऱ्या प्रत्येकाची वाटणी आहे, साधकाचीही आहे, असे तो वापर सांगत असे.

दुसरा तसाच शब्द 'गाठ'. मराठी माणूस 'कर्करोग' लिहितो, 'कॅन्सर' म्हणतो, आणि घरात बोलताना दोन्ही टाळून 'गाठ' म्हणतो. ह्या शब्दाला भीती झाकण्याचा गुण आहे, कारण गाठ साधीही असू शकते. परंतु मनालाही गाठ असते, माणसामाणसांतही गाठ पडते, आणि उपनिषदांनी हृदयाच्या ग्रंथीविषयी सांगून ठेवले आहे. मग निवेदनात एक श्लेष आपोआप घडतो : मनाची गाठ सुटली म्हणून शरीराची गाठ गेली. वाक्य सुंदर आहे, आणि हीच त्यातली आपत्ती आहे. शरीरातील गाठ ही सुटावयाची ग्रंथी नव्हे. पेशींच्या जनुकांत बदल होऊन त्यांच्या वाढीवरील नियंत्रण सुटल्याने झालेली ती वाढ असते. श्लेष उलट वाचून पाहावा म्हणजे त्यातील क्रौर्य ध्यानात येते : ज्याची गाठ गेली नाही, त्याच्या मनात काही गाठ राहिली असली पाहिजे. आजारी माणसाला त्याच्या आजाराबद्दल दोषी ठरविण्याचे काम एका अलंकाराने केले. अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग हिने 1978 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात रोगाला रूपक बनविण्याच्या वृत्तीवर जो हल्ला केला, त्याचे मर्म हेच आहे. ती स्वतः कर्करोगाच्या उपचारांतून गेलेली होती, आणि रोगाला स्वभावाची शिक्षा मानणाऱ्या समजुतीने रुग्ण वेळेवर उपचार घेण्यापासून दूर राहतात, ही तिची चिंता होती.

फलश्रुतीच्या घाटाची खरी कसोटी संतांच्या चरित्रांत लागते. श्रीरामकृष्णांच्या घशाला 1885 साली व्याधी जडली, आणि ती कर्करोग असल्याचे ठरले. प्रथम श्यामपुकुर आणि नंतर काशीपूर येथे त्यांच्यावर डॉक्टर महेंद्रलाल सरकार ह्यांनी उपचार केले. हे सरकार म्हणजे भारतात विज्ञानाच्या अभ्यासासाठी 1876 साली संस्था स्थापणारे बुद्धिवादी गृहस्थ. ते परमहंसांशी वाद घालीत आणि तरीही तासन् तास त्यांच्यापाशी बसत. चित्त व्याधीच्या जागी एकाग्र करून ती बरी करावी, असे एका पंडिताने सुचविले तेव्हा, ईश्वराला दिलेले मन परत घेऊन ह्या हाडामांसाच्या पिंजऱ्याकडे कसे लावू, अशा आशयाचे उत्तर रामकृष्णांनी दिले. औषध मात्र ते घेत राहिले. 16 ऑगस्ट 1886 रोजी त्यांनी देह ठेवला. रमण महर्षींच्या डाव्या दंडावरील अर्बुदावर 1949 साली चार वेळा शस्त्रक्रिया झाली. 14 एप्रिल 1950 रोजी ते गेले. आणि ज्यांचे नाव नागपूरच्या रुग्णालयाला आहे ते तुकडोजी महाराज, ज्यांनी 'ग्रामगीते'त ग्राम-आरोग्याचा स्वतंत्र विचार केला, सामुदायिक प्रार्थनेचा गावोगाव प्रसार केला आणि अंधश्रद्धेवर कोरडे ओढले, तेही कर्करोगानेच 11 ऑक्टोबर 1968 रोजी मोझरीस निवर्तले.

साधनेचे फळ रोगमुक्ती हे मोजमाप मानले, तर ही तीन चरित्रे अयशस्वी ठरतात. असा निर्णय कोणी देणार नाही. दिला तर तो हास्यास्पद होईल. मग ज्या मापाने आपण परमहंसांना मोजीत नाही, त्या मापाने शेजारच्या खाटेवरील एखाद्या गिरणीकामगाराच्या विधवेला का मोजावे? तिनेही माळ ओढली असेल, तिनेही पारायण केले असेल. ती वाचली नाही आणि तिने निवेदन लिहिले नाही. ह्या वाङ्मयप्रकाराचा सर्वांत मोठा पेच येथे आहे : त्याचा लेखक नेहमी वाचलेला माणूस असतो. अन्य वाङ्मयात मृतांच्या वतीने बोलणारे कोणी तरी असते. येथे मृत केवळ अनुपस्थित असतात, आणि त्यांच्या अनुपस्थितीमुळे वाचलेल्याचे कारण अधिक खरे वाटू लागते.

ह्या पेचाची किंमत आकड्यांतही दिसून आली आहे. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, प्रमाणभूत उपचार सोडून केवळ पर्यायी उपायांवर विसंबलेल्या 281 कर्करुग्णांची तुलना प्रमाणभूत उपचार घेतलेल्या 560 रुग्णांशी केली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात प्रमाणभूत उपचाराच्या जोडीला इतर उपाय करणाऱ्या 258 रुग्णांची 1032 रुग्णांशी तुलना होती. तेथेही धोका सुमारे दुप्पट निघाला, आणि त्याचे कारण पूरक उपाय विषारी होते असे नव्हे, तर असे उपाय करणाऱ्यांनी शस्त्रक्रिया, रसायने, किरणोपचार ह्यांपैकी काही ना काही अधिक प्रमाणात नाकारले होते, असे दिसले. म्हणजे भय 'जोडीला' ह्या शब्दात नाही. जोडीला म्हणता म्हणता मूळ वस्तू हळूच वगळली जाते, ह्यात आहे. आमच्या वृद्ध बाईंच्या दुसऱ्या कथनात शब्दांच्या पातळीवर जे घडले, तेच येथे देहाच्या पातळीवर घडलेले आहे. कथेतून शल्यवैद्य गेला की ऐकणाऱ्याच्या आयुष्यातूनही तो जाऊ शकतो.

दुसऱ्या बाजूने, मनाचे बळ अजिबात निरर्थक आहे असेही विज्ञान म्हणत नाही. डेव्हिड स्पीगेल ह्यांनी 1989 साली स्तनाच्या कर्करोगाने पीडित 86 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना समूहात बसून बोलण्याची संधी मिळाली होती त्या स्त्रिया अधिक काळ जगल्या, असे त्यात दिसले. त्यावर फार मोठी आशा बांधली गेली. पुढे 2007 साली त्यांनीच पुन्हा केलेल्या प्रयोगात आयुष्यवृद्धीचा तो निष्कर्ष एकंदरीने टिकला नाही. परंतु अशा आधाराने खिन्नता आणि वेदना सुसह्य होतात, हे अन्य अभ्यासांतूनही दिसत आले आहे. चरकाच्या भाषेत सांगायचे तर सत्त्वावजयाचा दावा शाबूत राहिला, त्याहून मोठा दावा गळून पडला. आपला प्रयोग आपणच पुन्हा करून पाहण्याचे हे धैर्य निवेदकांनीही घेण्यासारखे आहे.

एवढ्यावरून बुद्धिवादी निवेदन निर्दोष ठरते असे नाही. त्यालाही त्याचा साचा आहे, आणि तो युद्धाचा आहे. रोग हा शत्रू, रुग्ण हा योद्धा, औषध हे शस्त्र, आणि शेवटी विजय. फलश्रुतीतील देवाच्या जागी येथे इच्छाशक्ती येते. वाचला तो शूर होता, गेला तो कमी पडला, हा अर्थ तसाच राहतो. ह्या पार्श्वभूमीवर डॉक्टर अरविंद बावडेकर ह्यांच्या आत्मनिवेदनाचे शीर्षक विचार करावयास लावते : 'कॅन्सर माझा सांगाती'. 'सांगाती' हा शब्द मराठी वाचकाला तुकोबांकडून मिळालेला आहे आणि तो विठ्ठलासाठी वापरलेला आहे. एका वैद्याने तो शब्द रोगाला लावावा, ह्यात युद्धाचा साचा मोडला जातो आणि फलश्रुतीचाही. शत्रूशी तह नव्हे, देवाची कृपा नव्हे. बरोबर चालणारा कोणी तरी, ज्याची सोबत मागितलेली नव्हती. एका शब्दाच्या स्थानांतराने परंपरा अशी नवी होऊ शकते.

उपचार आणि आंतरिक साधना ह्यांचे खरे सहअस्तित्व कलेच्या क्षेत्रात कसे दिसते, ह्याचा दाखला म्हणून कुमार गंधर्वांकडे पाहावे. रोग तेथे कर्करोग नव्हता, क्षय होता. पण त्या काळी त्याची दहशत तशीच होती. कर्नाटकात जन्मलेले आणि मराठी रसिकांनी आपले मानलेले कुमार 1948 साली देवासला आले ते अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत. गाणे बंद करावे लागले. भारतात तेव्हा नव्यानेच येऊ लागलेले स्ट्रेप्टोमायसीन त्यांना मिळाले, पत्नी भानुमती ह्यांनी नोकरी करून शुश्रूषा केली, आणि काही वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले. दरम्यान अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातील लोकगीते आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने त्यांच्या कानांवर पडत होती, आणि त्यांच्या पुढील गायनाचा पिंड त्यातून घडला. आता प्रश्न विचारावा : कुमारांना कोणी बरे केले, औषधाने की निर्गुणाने? प्रश्नच विपरीत आहे हे चटकन जाणवते. औषधाने फुप्फुस दिले. निर्गुणाने त्या फुप्फुसाने काय करावयाचे ते दिले. एकाचे श्रेय दुसऱ्यातून वजा करावे लागत नाही. त्यांच्या आखूड झालेल्या श्वासाने गायकीला नवा आकार दिला, म्हणजे रोगही त्या कलेतून पुसला गेला नाही. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन प्रकार कल्पिले. आपली बहुसंख्य निवेदने उपचार आणि उपासना ह्यांत सरधोपट संवाद तरी दाखवितात, किंवा एकाला हरवून विरोध तरी. समतोल क्वचित साधतो, कारण त्यासाठी दोन्ही पारड्यांत वजन ठेवावे लागते.

असा समतोल लौकिक भूमिकेवरून साधलेली एक कथा म्हणजे माधवी घारपुरे ह्यांची, जिच्यावरून संदीप सावंत ह्यांनी 2004 साली 'श्वास' हा चित्रपट केला. कोकणातला आजोबा आपल्या नातवाला शहरातील डॉक्टरकडे आणतो. मुलाच्या डोळ्यांना कर्करोग आहे; शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, दृष्टी जाईल. ह्या कथेत चमत्काराला वाव ठेवलेला नाही आणि शस्त्रक्रियेला पर्यायही नाही. तरीही शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा नातवाला रुग्णालयातून बाहेर नेतो आणि जग डोळे भरून पाहू देतो. वैद्यकाच्या वहीत ह्या कृत्याला नाव नाही. शिस्तीच्या दृष्टीने तर तो अपराध आहे. पण ते कृत्य नसते तर शस्त्रक्रिया केवळ एक अवयवच्छेद ठरली असती. उपचाराने जे वाचविले त्याला अर्थ देण्याचे काम आजोबाने केले. ह्यात देवाचे नाव कोठेही घ्यावे लागले नाही, आणि तरीही साधनेने जे साधावयाचे असते ते येथे साधले आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मग ह्या वाङ्मयप्रकाराची गुणवत्ता कशावरून ठरवावी? लेखक आस्तिक की नास्तिक, ह्यावरून निश्चितच नव्हे. पहिली कसोटी क्रमाची : निदान केव्हा झाले, कोणता उपचार केव्हा घेतला आणि साधना केव्हा सुरू झाली, हे निवेदनात जसेच्या तसे आहे की शेवट उठावदार व्हावा म्हणून पुढेमागे केले आहे? दुसरी कसोटी भयाची : लेखकाने आपली भीती, चिडचिड, देवावरचा राग, प्रार्थना करूनही काही न वाटलेले दिवस ह्यांना जागा दिली आहे काय? ज्या निवेदनात श्रद्धा एकदाही डळमळत नाही, तेथे श्रद्धेचा अनुभव नसून श्रद्धेची जाहिरात असण्याचा संभव अधिक. टॉलस्टॉयचा इव्हान इल्यिच मृत्युशय्येवर जे प्रश्न विचारतो ते विचारल्यावाचून त्याला अखेरचा प्रकाश दिसत नाही. तिसरी कसोटी शेजारच्या खाटेची : जो वाचला नाही त्याच्याकडे लेखकाने पाहिले आहे काय, आणि त्याच्या मरणानेही टिकेल असेच सत्य त्याने सांगितले आहे काय? तिसऱ्या कसोटीला उतरणारे निवेदन दुर्मिळ आहे. पण ते जेथे आढळते तेथे साध्या भाषेतही खोल वाङ्मयीन सामर्थ्य प्रकट होते, कारण तेथे 'मी'ची कथा आपल्या सीमा ओलांडते.

पद्मनाभपुरापासून जवळच राजनांदगाव आहे. पूर्वी ते दुर्ग जिल्ह्यातच मोडत असे. तेथे अध्यापन करीत असताना गजानन माधव मुक्तिबोध 1964 साली आजारी पडले. मातृभाषा मराठी आणि लेखन हिंदी असलेला हा कवी भोपाळहून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नेला गेला, क्षयजन्य मेंदुज्वराने त्याची शुद्ध हरपली, आणि 11 सप्टेंबर रोजी तो गेला. त्याचा कवितासंग्रह निघाला तो त्यानंतर. त्याने आपल्या आजाराचे निवेदन लिहिले नाही; त्याला ते शक्यच नव्हते. ह्या प्रदेशात कोणी रोगमुक्तीची कथा सांगू लागला की माझ्या मनात ह्या न लिहिलेल्या निवेदनाचा विचार येतो. लिहिणाऱ्याने त्याच्यासाठी अर्धे पान रिकामे ठेवावे, एवढीच अपेक्षा.

आमच्या वृद्ध बाईंना मी पुढे एकदा धीर करून विचारले, सभेत तुम्ही ताकभाताचे का सांगितले नाही? त्या म्हणाल्या, "ते कशाला सांगायचं? ते काय देवाचं थोडंच आहे?" ह्या उत्तरात आपल्या साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. सुई, उलटी, ताकभात, मुलाचा फंड हे देवाचे नव्हे, असे कोणी तरी त्यांना शिकविले आहे. संतांनी शिकविलेले ते नव्हे. कांदा, मुळा, भाजी ह्यांत विठाई पाहणाऱ्या सावता माळ्याच्या परंपरेत तर ते बसणेच शक्य नाही. त्या परंपरेच्या न्यायाने पाहिले तर किरणोपचाराच्या खोलीबाहेर रांगेत बसून काढलेला वेळ हीही उपासनाच होय, आणि पहाटेची माळ हा उपचाराच्या दिवसाचाच एक भाग होय. पहिल्या वेळी, त्या घाबरलेल्या बाईजवळ बसून, आमच्या वृद्ध बाई नेमके हेच सांगत होत्या. ते कथन कोणी टिपून घेतले नाही. मंडळाच्या स्मरणिकेत छापले गेले ते दुसरे.